न्यायमूर्ती येतात कुठून?

पानशेतच्या धरणाकाठी उभं राहिलं की पुणेकराला १२ जुलै १९६१ हा दिवस आठवतो. धरण फुटल्यावर चौकशीसाठी आधी न्या. बावडेकर, नंतर न्या. नाईक यांचा आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती बसले म्हणजे न्यायालय बसलं, असा आपला समज असतो. तसं नसतं. आयोग अहवाल देतो. तो स्वीकारायचा की नाही, हे सरकार ठरवतं. उच्च न्यायालयाचा आदेश मात्र सरकारलाही बांधतो.

म्हणूनच धरणात जमीन गेलेला शेतकरी, मोबदल्याचा निकाल पुण्यात मनासारखा लागला नाही तर, अपील घेऊन मुंबई गाठतो. मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झालं. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथं त्याची खंडपीठं आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच आलं. त्याला सहा जिल्हे जोडले, पण पुणे नाही. काही प्रकरणं एकच न्यायमूर्ती ऐकतात, काही दोघं मिळून. कोणतं काम कोणाकडे, ते मुख्य न्यायमूर्ती ठरवतात.

तिकडच्याच एका आजोबांनी मला विचारलं होतं, "साहेब, या जजसाहेबांना निवडतं कोण?" प्रश्न रास्त होता. इथं निवडणूक नसते. उच्च न्यायालयात दहा वर्षं वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक पद, ही अट. मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या विचारानं नाव सुचवतात. मुख्यमंत्री, राज्यपाल आणि केंद्रीय कायदा मंत्रालय यांच्या मतांसह ते सर्वोच्च न्यायालयात जातं. तिथं सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींचा न्यायवृंद निर्णय करतो. नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीनं होते. निवृत्ती बासष्टाव्या वर्षी.

ही पद्धत बदलून नियुक्ती आयोग आणायचा कायदा झाला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो २०१५ मध्ये रद्द केला. नेमणुकीत सरकारचा हात वरचढ झाला, तर सरकारविरुद्ध दाद मागणाऱ्यानं भरवसा कुणावर ठेवायचा, हा मुद्दा होता. बंद दाराआडच्या निवडीवर टीका होते, तीही खोटी नाही.

मुंबई उच्च न्यायालयासाठी मंजूर जागा ९४. त्या साऱ्या क्वचितच भरलेल्या असतात. फाईल कुठंही अडली, की खुर्ची रिकामी राहते आणि तारीख पुढं जाते. अपील आजोबांनी करायचं आणि निकाल नातवानं ऐकायचा, अशी वेळ त्यातूनच येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)