ब्रह्मकमळाचा फोटो काळ्या पार्श्वभूमीवर

ब्रह्मकमळ रात्री उमलते आणि सकाळी मान टाकते. त्या रात्री फोटो चुकला की पुढच्या कळीची वाट पाहणे आले. आम्ही पहिल्या वर्षी गच्चीवर सरळ फ्लॅश मारला. फूल पांढरेफटक, आणि मागे पाण्याची टाकी नि वाळत घातलेले कपडे!

आता आम्ही फुलामागे तीन-चार फुटांवर काळे कापड बांधतो. मखमल उत्तम. साटीन नको, ते चमकते. टॉर्च बाजूने, फुलाच्या अगदी जवळ धरायचा. टॉर्चपासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईच उरतो, म्हणून कापड अंधारातच राहते.

खरी गोम मोबाइलची आहे. चौकटीत काळे जास्त दिसले की तो सगळेच उजळ करतो आणि पाकळ्यांवरच्या रेषा पुसून टाकतो. तेव्हा स्क्रीनवर पाकळीवर बोट टेकवावे. बहुतेक मोबाइलमध्ये शेजारी सूर्याची खूण येते, ती खाली ओढावी. पाकळीची घडी दिसू लागली की थांबावे. मोबाइल स्टुलावर टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावला की हात हलण्याची भीती नाही.

फूल पुरते उमलायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात. कापड मात्र संध्याकाळीच बांधून ठेवा. अंधारात सुतळी सापडत नाही.