झोन कोकणचा, संघ मुंबईचा

स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी रत्नागिरीला नवी नाही. पदवीचं वजन, रखडलेले निकाल, मुंबईचे हेलपाटे यांवर दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात. खेळाचं नाव मात्र कुणी काढत नाही. विद्यापीठ वेगळं झालं तर कबड्डी-खोखोच्या पोरांचं काय, असं संपादकांनी विचारलं आणि मी कॉलेजच्या जिमखान्यात जाऊन बसलो.

इतिहास दोन ओळींत सांगता येतो. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ चं. विद्यापीठाची हद्द पालघरपासून थेट गोव्याच्या सीमेपर्यंत, सात जिल्ह्यांची. एवढी कॉलेजं एका मैदानावर खेळवणं अशक्य, म्हणून झोन पाडले. आपला कोकण झोन. त्यातून आंतरविभागीय सामने, निवड चाचणी आणि शेवटी विद्यापीठाचा एकच संघ. कबड्डीत त्यात बारा जण.

मला मात्र खिळवून ठेवलं ते खेळाडूच्या एलिजिबिलिटी फॉर्मने. फोटो, दहावीचा दाखला, बारावीची मार्कलिस्ट, प्राचार्यांची सही, शिक्का. वय सतराच्या पुढे, पंचविशीच्या आत. मिरकरवाडा बंदरावरचा एखादा पोरगा बारावीनंतर वर्षभर मासेमारीच्या बोटीवर जातो, मग परत प्रवेश घेतो. चढाईला जाताना तो कुणाच्या बापाला भीत नाही, पण फॉर्ममधल्या शिक्षणातल्या खंडाच्या, गॅपच्या रकान्यापाशी घाबरतो. क्रीडाशिक्षक त्याच्या शेजारी बसून कागद लावतात. बाहेर पाऊस धो धो. रत्नागिरीत मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि विद्यापीठाचे सामने नेमके याच दिवसांत सुरू होतात. मैदानाचा चिखल झालेला असतो, मोठे सामने मॅटवर होतात, सराव जिथे जागा मिळेल तिथे.

चाचणी मुंबईत असली की रातराणी एसटी, नाहीतर कोकण रेल्वेचा जनरल डबा. साडेतीनशे किलोमीटर. मुक्काम डोंबिवली-विरारच्या मामाकडे. मुंबईत नातलग असणं ही कोकणच्या खेळाडूची अलिखित पात्रताच म्हणायची! एवढं करून निवड झाली तर पुढे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात आणि तिथले पहिले आठ ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेला.

हा सगळा मार्ग विद्यापीठाच्या हद्दीवर ठरतो. अमेरिकेत मात्र विद्यापीठं आपली स्पर्धामंडळं स्वतः निवडतात आणि मोडतातही. लॉस एंजेलिसची दोन नामांकित विद्यापीठं २०२४ मध्ये टीव्हीच्या पैशांसाठी जुनं मंडळ सोडून पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या मंडळात गेली. आपल्याकडे हद्द कायदा ठरवतो आणि पोरं त्यात खेळतात.

हद्द बदलली की काय होतं, याचे दाखले आहेत. शिवाजी विद्यापीठातून २००४ मध्ये सोलापूर वेगळं झालं, नागपूरमधून २०११ मध्ये गोंडवाना. अशा नव्या विद्यापीठांचे संघ थेट आंतरविद्यापीठ स्पर्धेत आणि राज्याच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवात उतरतात. आपल्याच जिल्ह्यात दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. तिथल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघात यायला मुंबईच्या पोरांशी झुंजावं लागत नाही. कोकण विद्यापीठ झालं तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाला कबड्डीच्या त्या बारा आणि खोखोच्याही सगळ्या जागा एकरकमी मिळतील. खोखोत ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार यांच्यासारख्या खेळाडू देणारा रत्नागिरी जिल्हा त्या जागा वाया घालवणार नाही.

काळजी पुढची आहे. क्रीडा विभागाचा खर्च बराचसा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघतो. विद्यार्थी कमी, म्हणजे पैसा कमी. मॅट, प्रशिक्षक, प्रवासभत्ता, शिबिरातलं जेवण यात काटछाट होणार. आज मुंबईच्या संघात शिरलेल्या पोराला तगडे जोडीदार मिळतात. उद्या तो संघात सहज येईल आणि पश्चिम विभागात पहिल्याच फेरीत घरी परतेल. सहभागाचे दहा ग्रेस गुण त्याला मिळतीलही. पण सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी नुसता सहभाग पुरत नाही, पदक लागतं. पालक पहिल्यांदा तेच विचारतात. मागणीच्या निवेदनांमध्ये मला मॅटचा उल्लेख दिसला नाही, प्रशिक्षकाच्या पदाचा तर नाहीच.

माझा कौल तरीही वेगळ्या संघाच्या बाजूने आहे, मात्र इनडोअर हॉल आणि पूर्णवेळ प्रशिक्षकांची पदं आधी मंजूर व्हावीत. ते होईल तेव्हा होईल. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र रत्नागिरीत आहेच. तोवर कबड्डी आणि खोखोची निवड चाचणी दर दोन वर्षांनी तरी इथे घ्यावी. एकदा मुंबईच्या पोरांनाही रात्रभर प्रवास करून सकाळी मैदानात उतरू दे.