अश्वमालिश : लाभ आणि मर्यादा

शर्यतीच्या आणि घोडदळाच्या पागांमध्ये मोतद्दार रोज खरारा करतो, म्हणजे दातेरी साधनाने वाळलेला घाम व धूळ मोकळी करून घोड्याचे अंग ब्रशने आणि हाताने घासून काढतो. अश्वमालिश हा या नित्यकर्माला जवळचा, पण शरीररचनेच्या ज्ञानावर उभा असलेला प्रकार असून त्याचा रोख कातडीपेक्षा तिच्याखालच्या स्नायूंवर असतो. खेळाडूंसाठी विकसित झालेली ही पद्धत 1970च्या दशकात जॅक मीगर यांनी अमेरिकी अश्वारोहण संघाच्या घोड्यांवर वापरली आणि त्यानंतर ती इतरत्र पसरली.

घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्यामुळे पुढचे पाय धडाशी सांध्याने जोडलेले नसून स्नायूंच्या झोळीने बांधलेले असतात आणि उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार या पायांवर येतो. खोगीर नीट बसत नसेल किंवा एखादा पाय दुखत असेल, तर घोडा भार दुसरीकडे टाकतो आणि मान, खांदा व पाठीचे स्नायू ताठरतात. याउलट गुडघ्याच्या व मागच्या पायातील टाचेच्या सांध्याखाली स्नायू जवळजवळ नसतात, तेथे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा असतात. म्हणून पायांच्या या भागाला जोरकस दाब न देता केवळ खालून वर हलका हात फिरवला जातो.

मालिश करणारा घोड्याच्या मागे न जाता खांद्याशी उभा राहतो आणि आधी सपाट तळव्याने मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत केसांच्या दिशेने हात फिरवत ऊब, सूज आणि कठीणपणा शोधतो. त्यानंतर स्नायू चोळणे व दाबणे, गाठीच्या जागी तंतूंना आडवे घर्षण देणे आणि शेवटी लांब, संथ हात फिरवून स्नायू सैल करणे असा क्रम चालतो. दाब किती असावा हे घोडाच ठरवतो: डोके खाली येणे, खालचा ओठ लोंबणे, जांभई आणि चघळण्याची हालचाल ही शिथिलतेची, तर कान मागे जाणे, शेपूट झटकणे व पाठ खाली दबणे ही वेदनेची किंवा त्राग्याची चिन्हे मानतात.

मालिशेचा परिणाम प्रयोगांतही तपासला गेला आहे. कळपातील घोडे एकमेकांची आयाळ व खांद्यावरचा उंचवटा दातांनी खाजवतात. 1993 साली क्लोडिया फे आणि जान द माझिएर यांनी कामार्ग जातीच्या घोड्यांवर केलेल्या अभ्यासात त्याच जागी हाताने खाजवल्यास हृदयाचे ठोके मंदावल्याचे दिसले, अन्य जागी तसे झाले नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका प्राथमिक अभ्यासातही खांद्यावरचा उंचवटा, मानेचा मध्य आणि पुठ्ठा या जागी हा परिणाम अधिक आढळला. पाठीवर दाब देऊन किती जोरानंतर घोडा प्रतिकार करतो हे मोजणाऱ्या चाचणीत मालिशेनंतर ही मर्यादा वाढल्याचेही नोंदले गेले आहे.

असे असले तरी मालिशेमुळे स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते हा प्रचलित दावा टिकत नाही, कारण श्रम थांबल्यावर ते रक्तातून आपोआपच कमी होते; आणि खुराचा किंवा सांध्याचा विकार मूळ असेल, तर वरचा स्नायू कितीही सैल केला तरी तो पुन्हा ताठरतो. ताप, ताजी जखम, कातडीचा संसर्गजन्य रोग किंवा श्रमानंतर स्नायू आखडून लघवी गडद होणे अशा स्थितीत मालिश टाळून पशुवैद्याला बोलवावे लागते. त्यामुळे तिला उपचारापेक्षा देखभालीचा भाग मानणे योग्य ठरते. घोड्याला लाभणारी स्वस्थता हा तिचा बऱ्याच अंशी पटण्याजोगा फायदा आहे, तर एकच हात रोज त्याच अंगावरून फिरत राहिल्याने लंगडणे दिसण्याआधीच सूज व ऊब जाणवू शकते, हा तिचा सर्वांत व्यवहारी उपयोग आहे.