अमेरिकेंतील गोमांसप्रसार-पट्टी व तिचे नियम

जुन्या हिशेबांत गुराढोरांवरील पट्ट्यांचा उल्लेख वारंवार येतो. म्हैसपट्टी, वनचराई हीं नांवें पेशवेकालीन दप्तरांच्या अभ्यासकांस परिचित आहेत. त्या पट्ट्यांचा वसूल सरकारजमा होई. परंतु पट्टी कायद्यानें बसावी, वसूल मात्र त्या धंद्याच्या मंडळाकडे जावा, आणि त्यांतून मालाची जाहिरात व्हावी, हा प्रकार अर्वाचीन होय. हिंदुस्थानांत १९०३ सालच्या कायद्यानें निर्यात चहावर अशाच हेतूनें उपकर बसविला होता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गोमांसाच्या धंद्याकरितां जी पट्टी आहे, तिचे नियम येथें सांगावयाचे आहेत. विषय आमच्या वाचकांस परका वाटेल. पण त्या नियमांवरून जो वाद माजला तो ‘लेखाचा खरा कर्ता कोण?’ असा होता, आणि हा प्रश्न तर कागदपत्रें चाळणारांच्या नित्याचाच आहे.

प्रथम निरनिराळ्या संस्थानांनीं आपापलीं मंडळें स्थापिलीं. ऑरेगॉनचें मंडळ १९५९ सालचें, वॉशिंग्टन संस्थानचें १९६९ सालचें. पुढें १९७६ मध्यें मध्यवर्ती कायदा झाला. पण १९७७ व १९८० सालीं गुरें पाळणारांचीं मतें घेतलीं तेव्हां पट्टीस पुरेशी संमति मिळाली नाहीं. १९८५ च्या कायद्यानें क्रम उलटविला : आधीं वसूल, मग मतदान. १ ऑक्टोबर १९८६ पासून वसुली सुरू झाली. मतदान होईपर्यंत नाखूष असणारास पैसे परत मागण्याची मुभा होती. १९८८ सालीं शेंकडा सुमारें ७९ मतें अनुकूल पडलीं. त्यानंतर ती मुभा संपली आणि पट्टी सर्वांवर बंधनकारक झाली.

नियमांचा सारांश असा. गुरांच्या प्रत्येक विक्रीस दर जनावरामागें एक डॉलर पट्टी. ती बहुधा खरेदीदारानें किंमतींतून कापून आपल्या संस्थानच्या मान्यताप्राप्त मंडळाकडे भरावयाची. पैकीं अर्ध्या डॉलरपर्यंत रक्कम संस्थानचें मंडळ ठेवूं शकतें; बाकी राष्ट्रीय मंडळाकडे जाते. एकच जनावर तीनदां विकलें, तर पट्टीही तीनदां पडते. मात्र दहा दिवसांचे आंत फेरविक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास तसा दाखला देऊन सुटतां येतें. परदेशांतून येणाऱ्या गुरांवर व मांसावरही तेवढ्याच मानानें आकार आहे. वसुलाचा विनियोग जाहिरात, संशोधन व माहितीप्रसार यांकडे करावयाचा. सरकारी धोरण वळविण्याकडे त्यांतील पैसा खर्चण्यास मनाई आहे. वसूल करणारानें आपले कागद संबंधित हिशेबी वर्षानंतर दोन वर्षें जपावे, एवढेंच बंधन आहे. पुढील काळच्या संशोधकास मूळ पावत्या क्वचितच सांपडतील, हें ह्यावरून उघड आहे.

आतां वादाकडे वळूं. कित्येक गुरेंपालकांची तक्रार अशी कीं, जाहिरात सरसकट गोमांसाची होते. तिचा लाभ परदेशी मालासही मिळतो, आणि आपल्या जातिवंत मालाचें वेगळेपण झांकलें जातें. न पटणारें बोलणें आमच्या पैशानें कां बोलविलें जातें, असा त्यांचा सवाल होता. २००१ सालीं अळंब्यांच्या अशाच पट्टीविरुद्ध वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला होता, त्यामुळें त्यांस आशा वाटली. परंतु २००५ सालीं त्याच न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं पट्टी कायम केली. न्यायमूर्ति स्कालिया यांनीं लिहिलेल्या निकालाचें तात्पर्य असें : जाहिरातींचा संदेश सरकार ठरवितें व शेतकी खात्याचा मंत्री त्यांवर अंतिम अधिकार चालवितो, म्हणून तें भाषण सरकारचें होय, आणि सरकारच्या भाषणाचा खर्च नागरिकाकडून घेण्यास हरकत नाहीं. वास्तविक अनेक जाहिरातींवर खर्च अमेरिकन गोमांस-उत्पादकांनीं केल्याचा उल्लेख असे. सरकारचें नांव नसे. सरकारनें उघडपणें स्वतःचें न म्हटलेलें भाषण सरकारचें कसें मानावें, ही न्यायमूर्ति सूटर यांची हरकत आम्हांस वजनदार वाटते.

संस्थानच्या मंडळांचा प्रश्न पुढें निघाला. मोंटाना येथील मंडळ खाजगी स्वरूपाचें. त्याच्या भाषणावर सरकारची सत्ता कोठें, असा दावा २०१६ सालीं दाखल झाला, व २०१७ सालीं तात्पुरता मनाईहुकूमही मिळाला. तेव्हां शेतकी खात्यानें मंडळांशीं करारपत्रें केलीं आणि मजकूर आधीं तपासून मंजूर करण्याचा हक्क आपल्याकडे घेतला. २०२१ सालीं अपील न्यायालयानें हें पुरेसें मानलें. तो हक्क प्रत्येक वेळीं वापरलाच पाहिजे असें नाहीं. हातीं असला म्हणजे झालें.

आमच्या मतें सारा मुद्दा येथें आहे. मराठी पत्र पाहतांना अक्षर कारकुनाचें असलें तरी आपण शिक्का व मोर्तब पाहून पत्र कोणाचें तें ठरवितों. ह्या जाहिरातींवर खर्च करणाराचें नांव आहे. मोर्तब करणाराचें नाहीं. ज्यानें डॉलर दिला त्याचें नांव छापावें आणि शब्द मात्र दुसऱ्यानें मंजूर करावे, ही व्यवस्था कायद्यास मान्य झाली. तथापि उद्यां ह्या जाहिराती कोणा संग्राहकाच्या हातीं येतील, तेव्हां त्यांवरील नांवावरून ‘उत्पादकांचें मत’ म्हणून त्यांची नोंद करणें चुकीचें ठरेल. अशा कागदाशेजारीं त्याची नियमावली व करारपत्र जपून ठेवावें. त्यांवांचून कागदाचा कर्ता ओळखतां येणार नाहीं.