अर्ध्यात अडकलेली काच

तासगावात गणपती बसला की दुसऱ्याच दिवशी, ऋषिपंचमीला, रथ निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या देवळाचं सात मजली गोपूर मागं, पुढं माणसांनी दोरखंडांनी ओढलेला रथ आणि हवेत गुलाल. त्या गर्दीत गाडी नेण्यात अर्थ नसतो, म्हणून मी ती गावाबाहेर लावली. काच वर घ्यायला बटण दाबलं. काच निम्म्यापर्यंत आली आणि थांबली. पुन्हा दाबलं. आवाज नाही, हालचाल नाही. वर भाद्रपदातलं आभाळ भरून आलेलं.

तीन महिन्यांपूर्वी घेतलेली ती जुनी गाडी. त्याच दाराची काच आधीही एकदा अडली होती. तेव्हा एका गॅरेजात मोटर बदलून घेतली होती, पैसे गेले, काच दोन महिने चालली. आता नवी मोटर असूनही तेच दुखणं. त्या दिवशी रथ नीट पाहिला नाही, पण पुढच्या आठवड्यात वायरिंगचं काम करणाऱ्या एका अण्णांकडे तासभर बसून जे पाहिलं, ते आमच्या भागातल्या प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. कारण काच अडली की सगळे मोटरीवर बोट ठेवतात, आणि पुष्कळदा मोटर निर्दोष असते.

आधी दारात काय असतं ते पाहू. बॅटरीवर चालणारी एक छोटी मोटर. तिच्या दांड्यावर मळसूत्री दात, त्यात अडकलेलं प्लास्टिकचं चाक. मोटर भराभर फिरते, चाक सावकाश फिरतं आणि त्याला जोर येतो. मळसूत्राची आणखी एक खुबी: मोटर चाकाला फिरवू शकते, पण चाक मोटरीला उलटं फिरवू शकत नाही. म्हणून सगळं शाबूत असेल तर काच हातानं खाली दाबली तरी जात नाही, आणि म्हणूनच मोटर बंद पडली की काच जिथं आहे तिथंच अडकून राहते. चाकापुढं काच उचलणारी यंत्रणा. गॅरेजात तिला नुसतं ‘मशीन’ म्हणतात. जुन्या गाड्यांत ती कात्रीसारखी उघडमीट करणाऱ्या पट्ट्यांची असे, आता बहुतेक गाड्यांत पोलादी तार, ढोल आणि प्लास्टिकच्या पुली असतात. काच दोन्ही कडांनी रबराच्या खाचेतून सरकते. त्या खाचेला आतून मखमलीसारखा मऊ थर असतो.

ही सोय तशी जुनी आहे. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं 1940 च्या सुमारास तेलाच्या दाबावर काचा वरखाली करणारी यंत्रणा आणली, आणि 1951 च्या क्रायस्लर इंपिरियलमध्ये विजेवर चालणाऱ्या काचा आल्या. आपल्याकडे डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली ती हातानं फिरवायच्या दांडीसह, आणि पुढं कित्येक वर्षं बहुतेक घरांतल्या गाडीला तीच दांडी होती. दांडी जड लागली की हाताला लगेच कळे. बटणाला ते कळत नाही. बटण दाबणारा बोटभर जोर लावतो आणि आत मोटर जीव तोडून ओढत असते, याचा त्याला पत्ताही नसतो.

अण्णांनी गाडी पाहिली, दार उघडलं नाही, पान्याला हात लावला नाही. म्हणाले, “दादा, इंजिन चालू करा आणि बटण दाबा. मी नुसता ऐकतो.”

ऐकणं ही अर्धी तपासणी आहे. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही आणि केबिनच्या दिव्याचा उजेडही कमी होत नाही, म्हणजे मोटरीपर्यंत वीजच पोचत नाही. दिवा किंचित मंद होतो, आतून ‘हूं’ असा दबका हुंकार येतो पण काच हलत नाही, म्हणजे वीज पोचते आणि मोटर ओढायला बघते, पण काहीतरी धरून ठेवतंय. मोटर गरगर फिरते आणि काच जागची हलत नाही, किंवा धप्पकन दारात पडते, तर तार तुटलीय किंवा काच धरणारी प्लास्टिकची पकड फुटलीय. कडकड आवाज आला आणि काच तिरकी चढली, तर पुलीवरून तार निसटायला लागलीय. अशा वेळी बटण दाबणं थांबवावं, नाहीतर तारेचा गुंता होऊन सगळं मशीनच बदलावं लागतं. आणि काच वर जाताना शेवटी शेवटी मंदावत असेल, तर संशय आधी रबराच्या खाचेवर घ्यावा.

माझ्या दारातून आवाज आला नाही. दिवाही मंदावला नाही.

मग अण्णांनी विचारलं, बाकीच्या तीन काचा चालतात का? चालत होत्या. सगळ्याच काचा एकदम बंद असत्या तर फ्यूज किंवा रिले पाहायचा. काचांचा फ्यूज साधारण 20 ते 30 अँपिअरचा असतो आणि तो जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. जाड तार अडकवून वेळ मारून नेणाऱ्यांच्या दारातल्या वायरी वितळतात. मागची काच तिच्या दारावरच्या बटणानं हलत नाही पण ड्रायव्हरच्या दारावरून हलते, असं असेल तर आधी ड्रायव्हरकडचं लॉकचं बटण चुकून दाबलं गेलंय का पाहा. लहान मुलं मागं बसतात त्या गाडीत ते दाबलेलंच असावं, हेही इथंच सांगतो. वर येणारी काच मुलाच्या मानेवर किंवा हातावर दाब देऊ शकते, आणि गाडीतून उतरताना चावी आत सोडून मुलाला क्षणभरही एकटं ठेवू नये.

“आता दार सताड उघडा, आणि उघडं ठेवूनच बटण दाबा.”

काच सरसर वर गेली.

“लावून घ्या. दाबा.”

मेली.

अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, रबराची एक घडीघडीची नळी असते. दारातल्या सगळ्या वायरी तिच्यातूनच जातात. दार जितक्या वेळा उघडतं-मिटतं, तितक्या वेळा त्या वायरी वाकतात. ड्रायव्हरचं दार सगळ्यांत जास्त उघडतं. द्राक्षबागेत जाणाऱ्याचं तर विचारूच नका: मजुरांना सोडायचं, औषधाचे डबे उतरवायचे, गेट उघडायला उतरायचं, परत बसायचं. तांब्याचा एकेक तंतू तुटत जातो. बाहेरचं प्लास्टिक शाबूत दिसतं, आत एखाद-दुसरा तंतू उरतो, दाराच्या एका कोनात तो टेकतो आणि दुसऱ्या कोनात सुटतो. म्हणजे माझी पहिली मोटरही बहुधा बिघडलेली नव्हती. मोटर बदलताना दाराची ओढाताण झाली, तुटकी टोकं पुन्हा टेकली, आणि सगळ्यांना वाटलं नव्या मोटरीनं काम झालं.

इथं एक बारकी गोष्ट आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. मोटरीच्या कप्लरला, म्हणजे वायरींच्या जोडणीला, छोटा टेस्ट लॅम्प लावला तर तो कधीकधी लख्ख पेटतो, आणि माणूस म्हणतो, वीज तर येतेय, मोटरच गेली. पण त्या इवल्याशा दिव्याला लागणारा प्रवाह एका उरलेल्या तंतूतूनही जातो. मोटरीला त्याच्या कित्येक पट लागतो, तेवढा त्या तंतूतून जात नाही. म्हणून अण्णा टेस्ट लॅम्पऐवजी हेडलाइटचा जुना 55 वॅटचा बल्ब वापरतात. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. वायर पोकळ असेल तर तो नुसता लालसर होऊन राहतो आणि खरं काय ते कळतं. मल्टिमीटर असेल तर मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबलेलं असतानाच व्होल्टेज पाहायचं. चांगल्या बॅटरीवर इंजिन बंद असताना साडेबारा आणि चालू असताना चौदाच्या जवळपास व्होल्ट असतात. मोटरीपाशी दहाच्याही खाली दिसले, तर मधल्या वाटेवर कुठंतरी वीज खाल्ली जातेय. एका बोटाच्या दाबानं काच आपोआप पूर्ण चढणाऱ्या नव्या गाड्यांत मोटरीलाच इलेक्ट्रॉनिक मेंदू जोडलेला असतो. तिथं हा बल्बचा प्रयोग करू नये, वायरी थेट बॅटरीला तर अजिबात लावू नयेत.

वाटेवर वीज खाणारी दुसरी जागा म्हणजे बटण. साध्या रचनेत काच थांबलेली असताना मोटरीच्या दोन्ही वायरी बटणातून अर्थिंगला टेकलेल्या असतात. वर दाबलं की एकीला वीज मिळते, खाली दाबलं की दुसरीला. उलटसुलट प्रवाहानं मोटरीची दिशा बदलते. म्हणजे काच वर जात असतानासुद्धा दोन्ही संपर्क चांगले लागतात, एक वीज आणणारा आणि एक परत नेणारा. दर वेळी बारीक ठिणगी उडते आणि कार्बन धरतो. बटण काढून स्विचसाठीच्या स्प्रेनं साफ केलं तर पुष्कळ जुनी बटणं पुन्हा कामाला लागतात. मोटरीच्या आतही एक संरक्षण असतं: अडलेल्या काचेवर सारखं बटण दाबत राहिलं तर ती तापून स्वतःच बंद पडते आणि गार झाल्यावर पुन्हा चालते. पंधरा मिनिटं थांबण्याआधी मोटरीला मेलेली ठरवू नये. हलकेच ठोकल्यावर तिनं एकदा हालचाल केली, तर मात्र आतले कार्बन ब्रश झिजलेत आणि ती खरोखरच संपत आलीय.

अण्णांनी रबराची नळी सरकवली. दोन वायरी तुटलेल्या, तिसरी मरणाच्या वाटेवर. त्यांनी जोड नळीच्या आत दिला नाही. मऊ, बारीक तंतूंच्या वायरीचा नवा तुकडा घेऊन एक जोड दाराच्या आत आणि दुसरा खांबाच्या आत असा नेला. वाकणाऱ्या जागीच डाग दिला तर तिथं वायर कडक होते आणि शेजारी पुन्हा तुटते. हे ज्याला कळतं त्याच्या हातचं काम टिकतं.

दाराचं काम झालं तशी मी मागच्या डाव्या काचेची तक्रार काढली. ती चढायची, पण कण्हत. अण्णांनी खाचेत बोट घालून बाहेर काढलं तर बोटावर पिवळसर माती. भुरी रोगासाठी बागेवर धुरळलेलं गंधक, सावळज-मणेराजुरीकडच्या कच्च्या वाटांची धूळ, बेदाण्याच्या शेडवरचा कचरा, हे सगळं उघड्या काचेनं आत येतं आणि मखमलीत बसतं. वरून कोणीतरी तेल सोडलेलं होतं. तेलानं धुळीचा चिखल होतो आणि रबर फुगतं. खाच ब्रशनं झाडावी, ओल्या फडक्यानं पुसावी, वाळू द्यावी आणि मग सिलिकॉनचा स्प्रे मारावा. ग्रीस हवं तिथं द्यायचं, म्हणजे मशीनच्या लोखंडी रुळावर, रबराला नाही. मोटर सोडवल्यावर काच दोन तळव्यांत धरून वरखाली करून बघावी. हाताला जी अडते ती मोटरीलाही अडते. पण मोटर सोडवण्याआधी काच वरच्या चौकटीला टेपनं घट्ट चिकटवायची आणि मशीनमध्ये बोटं घालायची नाहीत. दारात एअरबॅगचा सेन्सर असणाऱ्या गाडीत आधी बॅटरी काढायची. बॅटरी परत लावल्यावर आपोआप चढणारी काच आपली हद्द विसरते. बहुतेक गाड्यांत ती पूर्ण खाली नेऊन, पूर्ण वर घेऊन बटण काही सेकंद ओढून धरलं की तिला ती पुन्हा समजते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात असते.

जुनी गाडी घेताना हे सगळं पाच मिनिटांत तपासता येतं, आणि आमच्या जिल्ह्यात त्याला आणखी एक कारण आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि शहरातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. 2021 च्या जुलैतही पूर आला. पुरात उभी राहिलेली गाडी धुऊन पुसून बाजारात येऊ शकते. चारही काचा इंजिन बंद ठेवून आणि मग चालू करून वरखाली करा. दाराची नळी सरकवून कप्लरवर हिरवट-पांढरा थर आहे का पाहा. सीटच्या खालचे रूळ गंजलेत का बघा. काचा कण्हत असतील तर किंमत कमी होण्याचं ते कारण आहेच, पण गाडी बुडाली होती का, हा प्रश्नही त्यातूनच विचारता येतो.

दाराचं आतलं आवरण, म्हणजे डोअर पॅड, परत बसवण्याआधी अण्णांनी मागचा प्लास्टिकचा कागद काळजीनं चिकटवला. हा कागद कितीतरी ठिकाणी फाडून टाकतात. दार कधीच पाणबंद नसतं. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी आत उतरतंच, ते त्या कागदाच्या पलीकडून खाली जाऊन दाराच्या तळच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. कागद नसला तर ते पायाशी येतं, भोकं बुजली तर दारात साठतं आणि मोटरीपर्यंत चढतं.

अण्णा खाली वाकले, दाराच्या तळच्या भोकात वायरचा तुकडा घालून फिरवला. आधी चिखल आला, मग गढूळ पाणी, आणि त्याबरोबर बेदाण्याची एक वाळलेली काडी. आदल्या हंगामातली असणार, म्हणजे गाडी माझ्याकडे येण्याआधीची. गॅरेजच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला होता. मी गाडी बाहेर काढून उभी केली, काचा वर घेतल्या आणि दाराच्या खालून पाणी टपटप बाहेर पडताना पाहत राहिलो.