सोबत की सासुरवास?
एकाच काचपेटीत दोन पाली पाळणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी मी आपाकडे बर्मिंगहॅमला गेले होते. पोहोचल्या दिवशीच तेरा वर्षांच्या भाच्याने माझा हात धरून मला त्याच्या खोलीत नेले. "खाला, बघ ना, माझ्या दोघी बहिणी!" खिडकीजवळच्या काचपेटीत पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या दोन पाली होत्या. एक दुसरीच्या पाठीवर चढून बसली होती. "किती प्रेम आहे ना दोघींत?" भाचा म्हणाला. पालीला घाबरणारी मी, लांबूनच मान डोलावली.

दोन आठवड्यांनी मात्र माझ्याही लक्षात आले. वर बसणारीची शेपटी गाजरासारखी जाड होती आणि खालच्या पालीची पेन्सिलीसारखी बारीक. तिच्या मानेजवळ चावल्याची खूणही होती. भाच्याला ते प्रेम वाटत होते, पण खरे तर तो सासुरवास होता.

ही पाल कोणती?

तिला लेपर्ड गेको म्हणतात. मूळ अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. युरोप-अमेरिकेत ती आता घरोघरी पाळली जाते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पाली पिंजऱ्यातच जन्मलेल्या असतात. आपल्या घरातल्या पालीच्या डोळ्यांना पापण्या नसतात, हिला असतात आणि ती त्या मिटून झोपते. पायाला चिकट गाद्या नसल्यामुळे ती भिंतीवर चढत नाही. दिवसा कपारीत लपते आणि तिन्हीसांजेनंतर किडे शोधायला बाहेर पडते. चांगली निगा राखली तर पंधरा ते वीस वर्षे जगते. म्हणजे शाळकरी मुलाने हट्टाने आणलेली पाल त्याच्या लग्नापर्यंत घरात राहू शकते!

तिची शेपटी म्हणजे तिची शिदोरी. खाल्लेल्यातली जास्तीची चरबी तिथे साठते. त्यामुळे ती उपाशी राहते आहे का, हे शेपटीच सांगते.

एकत्र ठेवले तर काय होते?

दोन नर एकत्र ठेवणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. ते एकमेकांना चावतात, प्रसंगी मारूनही टाकतात.

नर-मादी एकत्र ठेवली तर नर तिला उसंत देत नाही. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते, पण एका हंगामात असे अनेक वेळा होते. अंड्यांच्या कवचासाठी तिच्या हाडांतले कॅल्शियम ओढले जाते आणि ती झिजत जाते. नराला नंतर वेगळे केले तरी त्याचे बीज तिच्या शरीरात टिकते, त्यामुळे पुढेही काही वेळा अंडी येऊ शकतात.

दोन माद्यांचे जमते, असे दुकानदार सांगतात. कधी कधी भांडण खरोखरच दिसत नाही आणि तिथेच आपण फसतो. पेटीत उबदार जागा एकच असते. या प्राण्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून ऊब मिळाली नाही तर खाल्लेले पचत नाही. जी दांडगी असते ती उबेची जागा धरते, दुसरीच्या अंगावर बसते आणि किडे आधी टिपते. दुसरी कोपऱ्यात थंडीत बसून राहते. ना आवाज, ना रक्त, पण ती हळूहळू वाळत जाते.

शिवाय दुकानदाराने "दोन्ही माद्या" म्हटले तरी पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणे कठीण असते. त्यातही गंमत अशी की, या पालीचे नर-मादी होणे अंडे किती उबेत वाढले यावर ठरते. साधारण 26 अंशांत बहुतेक माद्या निघतात, 32-33 अंशांच्या आसपास नर जास्त निघतात.

"एकटी कंटाळेल हो!" हा आपल्या मनाचा विचार. आपण माणसे घरभर माणसे असली की सुखावतो. ही पाल मात्र एकटी शिकार करते आणि एकटी खाते. सोबत नसल्याचे तिला दुःख नाही. जागा, ऊब आणि अन्न यांत वाटेकरी आला की तिला त्रास होतो.

काय पाहावे, काय करावे?

एक पाल नेहमी थंड बाजूला दिसते का? शेपटी बारीक होते आहे का? बोटे, शेपटी, मान यांवर चावल्याच्या खुणा आहेत का? एक दुसरीच्या अंगावर चढून बसते का? यातले एकही दिसले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी वेगळे करा. पेटीत मध्ये पुठ्ठा लावून भागत नाही. दोन स्वतंत्र पेट्या लागतात.

प्रत्येकीला सुमारे तीन फूट लांबीची पेटी असावी. एका बाजूला 30 ते 32 अंशांची उबदार जागा आणि दुसरी बाजू थंड. उष्णतेच्या साधनाला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजते. लपायला उबेत एक, थंडीत एक आणि ओलसर अशी एक जागा द्यावी. ओलावा नसेल तर कात नीट सुटत नाही, बोटांना आवळून बसते आणि बोटे गळून पडतात. किड्यांना कॅल्शियमची पूड लावून द्यावी. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे.

नवी पाल आणली तर तिला काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. आतड्याचा एक चिवट आजार एका पालीकडून दुसरीकडे जातो. त्यात शेपटी काडीसारखी होते आणि बरे होणे कठीण असते.

घरच्यांनी स्वतःलाही जपावे. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पेटीची भांडी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुऊ नयेत. पाच वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांनी दूरच राहावे.

कायदा आणि जबाबदारी

इंग्लंड-वेल्समध्ये 2006 चा प्राणी कल्याण कायदा मालकावर प्राण्याच्या गरजा भागवण्याची जबाबदारी टाकतो. त्या गरजांमध्ये प्राण्याला इतरांसोबत किंवा इतरांपासून वेगळे ठेवण्याची गरजही स्पष्ट लिहिली आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकायलाही मनाई आहे. म्हणजे पाल मुलाची असली तरी जबाबदारी आई-वडिलांचीच.

या पालीची एक चुलत बहीण महाराष्ट्र-गुजरातेत रानात राहते. गावाकडे तिला विषारी समजून ठेचतात. वास्तविक कोणतीच पाल विषारी नसते. तिला पकडून घरी आणण्याचा मोह मात्र टाळावा. रानातले प्राणी वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतात.

आपाच्या सासूबाईंचा पाली पाळण्याला पहिल्यापासून विरोध होता. हदीसमध्ये पालीविषयी जे आले आहे, ते त्यांनी ऐकवले. पाळावे की नाही, हे आपापल्या आलिमांना विचारावे. पण त्याच सासूबाईंनी मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईचीही आठवण दिली आणि नातवाला म्हणाल्या, "बेटा, कोंडलंस ना? मग तिच्या पोटाचा जाब तुलाच द्यावा लागेल."

त्याच संध्याकाळी दुसरी पेटी आली. पालींसाठीच घेतलेल्या काट्यावर वजन केले, तर दांडगी 61 ग्रॅम आणि दुसरी 38 ग्रॅम भरली. डॉक्टरांनी तपासून दोन्ही माद्याच असल्याचे सांगितले. आजार नव्हता, फक्त उपासमार होती. मी परतल्यानंतर तीन महिन्यांनी भाच्याने फोटो पाठवला. बारकी 52 ग्रॅमवर आली होती. शेपटी भरली होती आणि ती उबदार दगडावर डोळे मिटून एकटीच पसरली होती.

खाली त्याने लिहिले होते, "खाला, मला वाटलं होतं तिला बहीण हवी. तिला तर नुसता दगड हवा होता."