चेनला करडईचं तेल नको

‘तेल ते तेल. घरात करडईचं आहे ना, तेच सोड चार थेंब.’ पावसाळा लागला की भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात हे वाक्य हमखास कानावर पडतं. सांगणारे आईवडील असतात, शेजारी असतात, कधी शाळेतले सरही असतात. मग काही आठवड्यांत तीच सायकल पंक्चरच्या दुकानात येते. चेन तपकिरी आणि चिकट, कड्या आखडलेल्या, पायडल मारलं की कटकट आवाज. दुकानदार म्हणतो, गंज चढलाय, बदला. घरचे म्हणतात, अहो, तेल तर लावत होतो की!

या भागात ही गोष्ट किरकोळ नाही. कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली दिल्या. कन्नड शाळांबरोबर सीमाभागातल्या मराठी शाळांतली पोरंही त्यावरून शाळेला जाऊ लागली. कोविडच्या काळात वाटप थांबलं. घरात जी सायकल आहे ती पुढच्या भावंडाला पुरवायची, तर चेन टिकायला हवी. आणि ती टिकत नाही यात पावसाइतकाच वाटा आपल्या तेलाच्या बाटलीचा आहे.

करडई हे आपल्या रानातलंच पीक. सोलापूर, लातूर, बिदर, कलबुर्गी या सगळ्या काळ्या मातीच्या पट्ट्यात ती रब्बीत पिकते आणि तिचं तेल खायला उत्तम. या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. हे आम्ल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचा हळूहळू चिकट, पुढे रबरासारखा पापुद्रा बनतो. जवसाच्या तेलाचंही हेच होतं. म्हणून तर तैलरंगांत जवसाचं तेल वापरतात, आणि पांढऱ्या, फिक्या रंगांसाठी करडईचं, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं. जे तेल चित्रकार रंग वाळावा म्हणून घेतो, ते आपण फिरत्या यंत्रात घालतो. पटत नसेल तर स्वयंपाकघरातल्या तेलाच्या डब्याचं तोंड बघा, गॅसमागच्या फरशीवर बोट फिरवा. तो पिवळट चिकटा म्हणजे वाळलेलं तेलच, साध्या पाण्यानं निघत नाही. चेनवर तर काम आणखी लवकर होतं, कारण झिजलेल्या लोखंडाचे बारीक कण ही क्रिया वाढवतात.

यावर एक उलट प्रश्न नेहमी येतो, आणि तो रास्त आहे: मग लोखंडी तव्याला तेल लावून ठेवतो, त्याला कसा गंज लागत नाही? तव्यावर तेल तापून त्याचा कडक थर बसतो. तो थर पाणी आणि हवा अडवतो, म्हणून तवा वाचतो. पण तव्यात काही फिरत नाही. चेनच्या प्रत्येक कडीत मधे पिन असते, पिनेवर बुश, बुशावर रोलर. ही रचना हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये आणली आणि आजही तीच चालते. दोन पिनांतलं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, आणि पूर्ण चेनमध्ये अशा शंभराहून जास्त जागा जिथं धातूवर धातू घासतो. पिन आणि बुश यांच्यामधल्या केसभर फटीत तेल पातळ राहिलं पाहिजे. तिथं पापुद्रा धरला की कडी वळेनाशी होते. वर बाहेरचा चिकटा रेगडाची माती धरून ठेवतो, माती ओल धरून ठेवते, आणि ज्या गंजासाठी तेल लावलं तो त्या मातीखाली आरामात वाढतो.

मला याचं जास्त वाईट वाटतं, कारण आपल्या जुन्या माणसांना हा फरक चांगला ठाऊक होता. बैलगाडीच्या आसाला वंगण करताना एरंडेल घेत. एरंड बांधावर असायचा. एरंडेल कितीही दिवस उघडं राहिलं तरी वाळून पापुद्रा धरत नाही, कारण त्यातलं मुख्य आम्ल रिसिनोलेइक, लिनोलेइक नव्हे. विमानांच्या आणि शर्यतीच्या मोटारींच्या सुरुवातीच्या इंजिनांतही एरंडेल चाले. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ साली ‘कॅस्टर’वरूनच पडलं. तेव्हा ‘पूर्वीचे लोक घरचंच तेल लावायचे’ असं म्हणणाऱ्यांनी, कुठलं तेल, ते आधी विचारावं. खायचं ते लावायचं असा नियम कुणी केला नव्हता.

खोबरेल वाळत नाही हे खरं, पण २४-२५ अंशांखाली गोठायला लागतं. बिदरच्या पठारावर हिवाळ्यातल्या सकाळी शाळेला निघालेल्या पोराच्या चेनमध्ये ते तूप होऊन बसलेलं असतं. मोटरसायकलमधून काढलेलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून चेनवर ओततात. त्यात काजळी, आम्लं आणि धातूचे कण असतात, म्हणजे तेलासोबत चेनमध्ये घासपूडही गेली. शिवाय जुनं इंजिन ऑइल पुन्हापुन्हा कातडीला लागणं धोक्याचं आहे आणि ते पोरांच्या हातापायांना, कपड्यांना लागतं. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवला गेला, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे तेच. भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला तो छान, पण त्याचा थर इतका पातळ असतो की त्यावर पावसाळा निघत नाही.

आता गंजाकडे. ‘चेन लाल झाली, गेली’ हे बिदर शहराच्या आसपास फार ऐकू येतं, आणि निम्म्या वेळा तो गंज नसतो. पठारावर जांभा दगड, त्याची लाल माती. तीच चेनवर बसते. कोरड्या फडक्यानं पुसा. फडकं लाल झालं आणि खाली धातूचा करडा रंग दिसला तर ती माती. रंग धातूलाच धरून बसला असेल, बोटाला खरखरीत लागत असेल, तर गंज. तोही वरवरचा असेल तर चेन बदलायची गरज नाही. चेन उतरवून एकेक कडी बोटांनी वाकवून बघा. सगळ्या सैल वळत असतील तर आत सगळं ठीक आहे.

‘पावसात भिजली म्हणून गंजली’ हेही अर्धंच खरं. भिजून तासाभरात वाळली तर फारसं बिघडत नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजतं, वरून पाण्याचा थेंब पडायचीही गरज नसते. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या पोत्याखाली किंवा प्लॅस्टिकनं घट्ट गुंडाळून ठेवलेल्या सायकलीभोवती ही हवा रात्रभर कोंडलेली असते. छपराखाली, पण उघडी ठेवा. चेनकव्हर असेल तर चिखल आत जात नाही हाही भ्रम आहे. जातो, आणि आत वाळत नाही.

‘इथं कुठं समुद्र आहे, मीठ नाही तर गंज कसला?’ समुद्र नाही, पण कॅरियरवर खताचं पोतं असतं. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड लोखंडाला किती खातं हे कोकणातल्या माणसाला विचारावं. मिश्र खतांतही ते बहुधा असतं. फाटक्या पोत्यातून सांडलेले दाणे दमट हवेत पाणी ओढून विरघळतात आणि थेट चेनवर, रिमवर ओघळतात. खत वाहिलं त्या दिवशी सायकलवर बादलीभर साधं पाणी ओतून ती पुसलीच पाहिजे. यात आळस नको.

गंज काढायला चिंच, लिंबू, टॉयलेट क्लीनर असले उपाय सांगतात. चिंच पितळेच्या तांब्याला ठीक. चेनच्या पिना आणि पत्त्या कठीण केलेल्या पोलादाच्या असतात. आम्लात रात्रभर बुडवल्या तर गंजाबरोबर चांगलं लोखंडही विरघळतं, आणि त्या वेळी सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. चेन नवी दिसते आणि चढावर तुटते. हे कुणाला अति वाटेल म्हणून सांगतो: शिमानो ही जपानी कंपनी आपल्या माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिते की गंज काढायची आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी द्रावणं चेनला लावू नका, चेन तुटून गंभीर इजा होऊ शकते.

करायचं ते साधं आहे. चेन उतरवा, थोड्या रॉकेलात किंवा डिझेलात घोळवा, जुन्या टूथब्रशनं किंवा बारीक तारेच्या ब्रशनं घासा. पेट्रोल नको, भडका उडतो. उन्हात किंवा वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. आत रॉकेल राहिलं तर नवं तेल तेच पातळ करून टाकेल. मग चेन चढवून खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूनं प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडत पायडल उलटं फिरवा. तेल पावसाळ्यात नवं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल, एरवी शिलाई मशीनचं. मशीनचं तेल पातळ म्हणून पटकन आत शिरतं, पण पावसात धुऊनही जातं. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि मग कोरड्या फडक्यानं बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. लोक इथंच चुकतात, त्यांना चेन बाहेरून निथळती दिसली की समाधान वाटतं. बाहेर ओशटपणा पुरे. थेंब दिसला तर ती माती धरणार. पावसात सायकल रोज चालत असेल तर आठवड्यातून एकदा हे करावं, दर वेळी चेन उतरवायची गरज नाही.

चेनचं लॉक परत बसवताना त्याच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला जाते त्या बाजूला हवं, उघडं तोंड मागे. उलट बसवलं आणि कशात अडकलं तर क्लिप निसटते.

चेन खरोखर गेली का, हे रंगावरून ठरवू नका, मोजा. चेन ताणून एका पिनेच्या मध्यावर टेपचं शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये चोविसाव्या कडीची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १२ इंच आणि वर एक अष्टमांश इंचावर गेली असेल तर पिना आणि बुश आतून झिजलेत, मग चेन कितीही चकचकीत असो, बदला. सोबत फ्रीव्हीलचे दातही बघा. एका बाजूला कलून हुकासारखे झाले असतील तर तेही बदलायला सांगा, नाहीतर त्यांच्यावर नवी चेन उड्या मारेल.